चाफ्याचा जामीन

“म्हणजे बारा महिने फुलेल असं एकही झाड तुमच्याकडे नाही, बुवा?”

“आहे ना.”

“कोणतं?”

“जत्रेत मिळतं. वर्षातून दोनदा साबणाने धुवावं लागतं, एवढंच.”

विचारणारे गृहस्थ हसले नाहीत. त्यांनी फायलीतून आणखी एक कागद काढला आणि गुडघ्यावर पसरला.

हे दिनकर सबनीस. पाटबंधारे खात्यातून डिसेंबरअखेर निवृत्त झाले होते आणि आता घरची बाग त्यांनी हाती घेतली होती. तोवर बाग पत्नीकडे असे. पत्नी, शैलाताई, शेजारच्या दगडावर बसल्या होत्या. मांडीवर रिकामी कापडी पिशवी. रोपं न्यायला आणलेली.

ज्यांना ते बुवा म्हणत होते ते सहजपुरी महाराज. गोसावी. खडकवण्याच्या माळाखाली त्यांचा मठ आहे. मठ म्हणजे दोन खोल्या, एक विहीर आणि चहूकडे रोपं. जो मागेल त्याला महाराज रोप देतात. पण आधी प्रश्न विचारतात. काही लोक उत्तरं देता देता रोप न घेताच परत जातात.

मी दर शनिवारी तिथे पिशव्यांत माती भरायला जातो, आणि जे ऐकतो ते वहीत टिपून ठेवतो. त्या दिवशीही भरत होतो. माघ महिना, सकाळचे साडेनऊ.

सबनिसांच्या कागदावर आडवे बारा महिने आणि उभी अठरा फुलझाडं होती. ज्या महिन्यात जे झाड फुलतं तो चौकोन लाल पेन्सिलीने रंगवलेला. रंग कुठेही रेषेबाहेर गेला नव्हता.

“मला हंगामी काही नको,” ते म्हणाले. “झेंडू, तेरडा हे दर वर्षी कोण करत बसणार? बहुवर्षायू हवीत. एकदा लावली की वीस वर्षं बघायला नको.”

“बघायचं नाही, तर लावता कशाला?”

“बघायला नको म्हणजे... निगा राखायला नको.”

“असं होय.”

“हे बघा. जास्वंद, बारा महिने. ठेवली. तगर, बारा महिने. ठेवली. अबोली, जवळजवळ बारा. ठेवली. मोगरा उन्हाळा सोडला तर काही नाही. बाद. प्राजक्त, बाद. अनंत, बाद. शेवंती दोन महिने फुलते आणि दहा महिने नुसती पानं घेऊन बसते. बाद.”

“शेवंतीला कळवलंत का?”

“काय?”

“दहा महिने नुसतं बसण्याबद्दल म्हणतोय. मीही तेच करतो. माझंही नाव घाला त्यात.”

शैलाताईंच्या ओठांची एक कड हलली. सबनिसांनी कागदाची घडी सरळ केली.

महाराज त्यांच्याकडे वळले. “माई, तुम्हाला कोणतं फूल आवडतं?”

“हिला सगळीच आवडतात,” सबनीस म्हणाले.

“फुलं काढता केव्हा, माई? पूजेआधी, की संध्याकाळी?”

“पूजेआधी,” सबनीस म्हणाले. “साडेसहाला.”

महाराजांनी हातातलं खुरपं खाली ठेवलं.

“माईंना बोलता येतं ना?”

“येतं, महाराज,” शैलाताई म्हणाल्या. “बोलायची पाळी येत नाही.”

सबनीस मात्र यावर मोकळेपणाने हसले. “हो, हे खरं आहे. मी जरा जास्त बोलतो. खात्यात सवय लागली.” माणूस वाईट नव्हता. हे मी त्या दिवशी लिहून ठेवलं होतं, आजही पुसावंसं वाटत नाही.

“बरं,” महाराज म्हणाले. “जागा कोणती आहे?”

“पूर्वेला, फाटकातून आत आलं की समोरच. दहा बाय बारा फूट. दुपारपर्यंत ऊन. सगळ्यांत चांगली जागा. उद्या मोकळी होते.”

“उद्या होते? मग आज तिथे काय आहे?”

“सोनचाफा. बारा वर्षांचा. आजवर एक फूल नाही. वांझ आहे.”

माझ्या हातातली मातीची मूठ तशीच राहिली.

सबनिसांना मूल नाही. आमच्या गावात ही गोष्ट कुणी कुणाला सांगावी लागत नाही. त्यांच्या आई तीन वर्षांपूर्वी गेल्या. त्या असताना हाच शब्द त्या घराच्या ओट्यावरून रस्त्यापर्यंत ऐकू येत असे. शब्द झाडासाठी नसे.

मी शैलाताईंकडे पाहायचं नाही असं ठरवलं. आणि पाहिलं.

त्या पिशवीच्या बंदांची गाठ मारत होत्या. मारत होत्या, सोडत होत्या.

सबनीस कागदावर जागेचं माप लिहीत होते. त्यांच्या काहीच लक्षात आलं नव्हतं. मला धक्का बसला तो शब्दाचा नव्हे, याचा. इतक्या वर्षांत तो शब्द त्यांच्या कानाला गुळगुळीत झाला होता.

“कुणी लावला होता?” महाराजांनी विचारलं.

“हिनेच. माहेरच्या झाडाचं बी आणून पेरलं. तुम्हीच सांगा, बी पेरून सोनचाफा कुणी लावतं का? कलम आणायचं. कलमाला दुसऱ्या वर्षी फूल.”

“बियाचा चाफा आठ वर्षं घेतो. कधी दहा. कधी पंधरा.”

“मी तेच म्हणतोय. मी अठ्ठावन्न वर्षांचा आहे, बुवा.”

“दिसता खरे.”

“मग?”

महाराज वळले. “माई, तोडायचा का?”

सबनीस फाईल बांधत होते, म्हणून असेल, पण या वेळी मधे कुणी बोललं नाही.

“मी एक वर्ष मागून घेतलं होतं,” शैलाताई म्हणाल्या. “गेल्या माघात. त्याच्या आधीच्या माघातही. हे वर्ष आज संपलं.”

“तारीखवार?”

“ह्यांनी कॅलेंडरवर लिहून ठेवलंय.”

महाराज उठले. गुडघे धरून, दोन टप्प्यांत. त्यांनी माझ्याकडे हात केला.

“चित्रगुप्ता, वही मिट. झाड निवडायचं तर जागा बघायला पाहिजे.”

महाराज कुणाच्या घरी बाग बघायला गेलेले मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

सबनिसांच्याच गाडीतून आम्ही गेलो. वाटेत सबनीस ठिबक सिंचनाबद्दल बोलत होते. महाराज हूं हूं करत होते. शैलाताई पुढच्या सीटवर, पिशवी मांडीवर.

घराची बाग सुरेख होती. सुरेख म्हणजे सारखी नव्हे. कुंपणाला जाई, विहिरीच्या कठड्याला टेकून कर्दळ, पायरीच्या फटीतून आलेली गुलबक्षी, जी कुणी उपटली नव्हती. झाडं जिथे रमली तिथे राहू दिलेली. पण आता त्या सगळ्या बागेतून चुन्याच्या फक्कीच्या पांढऱ्या रेघा गेलेल्या होत्या. सबनिसांनी दोरी धरून मारलेल्या. काही रेघा झाडांच्या अंगावरून गेल्या होत्या.

पूर्वेच्या चौकोनाच्या मधोमध तो सोनचाफा.

सरळ, गुळगुळीत, घराच्या छताएवढा उंच. पानं भरघोस. बुंध्याभोवती फक्कीचा गोल.

अपघात झालेल्या जागेवर पोलीस असा गोल काढतात.

महाराजांनी गोल ओलांडून बुंध्यावर तळवा ठेवला. वर पाहिलं. खूप वेळ वर पाहिलं.

“कोण तोडणार?”

“मीच,” सबनीस म्हणाले. “माणूस मिळतो, पण फांदी जाईवर पाडतात. मी माप काढलंय. पश्चिमेकडे पाडायचा. नवी कुऱ्हाड आणून ठेवलीय.”

“आणा बघू.”

त्यांनी आणली. दांड्यावरचा दुकानाचा कागद अजून निघाला नव्हता.

“माझ्या आजोळी एक रीत होती,” महाराज म्हणाले. “न फुलणारं झाड तोडायच्या आधी त्याला तीनदा सांगायचं. एकाने कुऱ्हाड उगारायची आणि झाडाला त्याचा दोष सांगायचा. दुसऱ्याने येऊन त्याचं मनगट धरायचं. म्हणायचं, थांब, एक वर्ष दे, मी जामीन. मग कुऱ्हाड खाली.”

“आणि झाड फुलतं?”

“कधी फुलतं.”

“म्हणजे घाबरवायचं! ठेकेदारांना मी तीस वर्षं हेच करत आलो.”

“ते फुलायचे का?”

“मार्चअखेरीला.” सबनिसांना गंमत वाटू लागली होती. “आणि कुणी मनगट धरलंच नाही तर?”

“पहिल्या दोन वेळा काही नाही. कुऱ्हाड खाली घ्यायची, पुन्हा सांगायचं. पण तिसऱ्यांदा उगारलेली कुऱ्हाड रिकामी खाली आणायची नाही. एक तर मनगट, नाही तर घाव.”

“ठीक आहे. बघू या. एवीतेवी उद्या तोडायचाच आहे. जामीन कोण?”

“माई.”

महाराजांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. ती नजर माझ्या ओळखीची होती. कुणाच्या तरी डोक्यातली गाठ सुटणार असली की ते तसं बघतात. पाच मिनिटांत हे संपेल, माई धावत येऊन मनगट धरतील, सबनीस शरमतील, चाफा वाचेल. त्यांना असंच वाटत होतं.

मलाही.

शैलाताई पायरीवर उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

सबनिसांनी कुऱ्हाड उगारली.

“सोनचाफा. वय वर्षे बारा. फुलं शून्य. सबब तोडण्यात येत आहे!”

स्वतःच हसले. मागे वळून पत्नीकडे पाहिलं.

शैलाताई जिथे होत्या तिथेच होत्या.

“माई, पाळी तुमची,” महाराज हळूच म्हणाले.

त्यांनी ऐकलं होतं. त्या चाफ्याकडे बघत होत्या.

सबनिसांनी कुऱ्हाड खाली घेतली. “अगं, ये ना. नुसतं धरायचंय.”

दुसऱ्यांदा उगारली. या वेळी आवाजात सरकारी चेष्टा कमी होती.

“बारा वर्षं पाणी घातलं. खत घातलं. कलमं मिळत असताना तुला ठेवलं. फूल नाही. तोडतो.”

थांबले. पाच... दहा मोजावेत एवढे.

कुणी आलं नाही.

कुऱ्हाड खाली आली. सबनिसांच्या कपाळावर घाम होता. माघातल्या सकाळी.

“दोष नीट सांगा,” महाराज म्हणाले. “झाडाला कळला पाहिजे. मठात जो शब्द वापरलात तो.”

“कोणता शब्द?”

खरंच आठवत नव्हता त्यांना. ते महाराजांच्या तोंडाकडे बघत राहिले.

सबनिसांनी तिसऱ्यांदा कुऱ्हाड उगारली. पाय फाकवून, दोन्ही हातांनी, डोक्याच्या वर. मग तोंड उघडलं.

“किती वाट बघायची माणसाने? ना फूल, ना फळ. तू वां...”

तिथे शब्द अडकला.

तो त्यांना ऐकू आला होता. बहुधा आयुष्यात पहिल्यांदा. त्यांचा चेहरा मी बघत होतो. उघड्या विजेच्या तारेला हात लागावा तसा तो झाला.

“म्हणा ना,” शैलाताई म्हणाल्या.

पायरीवरून त्या खाली उतरल्या. शांत चालत आल्या. चुन्याची रेघ ओलांडली.

“पूर्ण म्हणा. आई पूर्ण म्हणायच्या. ओट्यावर बायका बसलेल्या असल्या तरी म्हणायच्या. तुम्ही आतल्या खोलीत पेपर वाचत असायचात.”

“शैला...”

“पान उलटल्याचा आवाज यायचा मला.”

त्या आता अगदी जवळ आल्या होत्या. हात लांब केला असता तर मनगट हाताशी होतं. सबनिसांनी नकळत उजवा हात थोडा त्यांच्या बाजूला झुकवला. धरायला सोपं जावं म्हणून.

महाराजांनी श्वास सोडला. मीही.

शैलाताईंनी चाफ्याच्या बुंध्यावर बोटं टेकली. लहान मुलाचं ताप आलेलं कपाळ बघतात तशी. मग काढून घेतली.

“तोडा.”

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

“काय म्हणालीस?”

“तोडा म्हणाले. दर वर्षी एकेक वर्ष मागत आले. झाडाचं कालपरवाचं. माझं त्याच्या कितीतरी आधीपासून. लग्नाला तिसरं वर्ष लागलं, तेव्हा आईंकडे पहिलं वर्ष मागितलं. मग तुमच्या मावशींकडे. मग डॉक्टरांकडे. मग तुमच्याकडे. जामीन राहायचा कंटाळा आला मला. आता नाही मागत. तोडा.”

आवाज चढला नव्हता. भाजीवाल्याला नको म्हणावं तसा होता.

मग त्या महाराजांकडे वळल्या.

“आणि महाराज, ह्यांना शहाणं करायला मला इथे उभं केलंत होय?”

महाराजांचं तोंड उघडलं. उघडंच राहिलं.

अकरा वर्षं मी त्या माणसाकडे जातो आहे. मोठमोठे वादपटू येऊन गेले, कीर्तनकार येऊन गेले, एकदा एक दारू प्यालेला फौजदार येऊन गेला. महाराजांना शब्द सापडला नाही असं कधी झालं नाही. त्या दिवशी झालं.

त्यांनी हात जोडले. आशीर्वाद देणारे हात. जोडले आणि मान खाली घातली.

पुढे बऱ्याच दिवसांनी, विहिरीवर पाणी काढताना, ते आपणहून म्हणाले होते, “त्या माईला मी गृहीत धरून चाललो. तिच्या नवऱ्यासारखाच.” एवढंच. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही.

शैलाताई पायऱ्या चढल्या. आत गेल्या. दार लोटलं.

कडीचा आवाज आला.

सबनीस तसेच उभे होते. कुऱ्हाड डोक्यावर.

“महाराज...” पहिल्यांदाच त्यांनी बुवा म्हटलं नाही. “महाराज, खाली घेऊ? तिसरी वेळ आहे ना. रिकामी आणायची नाही म्हणालात.”

महाराजांचे हात अजून जोडलेलेच होते. ते बंद दाराकडे बघत होते.

“तुम्ही धरा मनगट.”

महाराजांनी मान हलवली. नाही.

सबनिसांनी माझ्याकडे पाहिलं. मी एक पाऊल टाकलंही. महाराजांनी माझी बाही धरली.

मला हे कळत नव्हतं. साधी गोष्ट होती. आजोळची एक रीत, अर्धी चेष्टेत केलेली. कुऱ्हाड खाली घेतली असती तर आकाश कोसळलं नसतं. सबनीस शिकलेले, मोजमापाचे गृहस्थ. असल्या गोष्टी न मानणारे. तरी ते हात खाली घेऊ शकत नव्हते, आणि घावही घालू शकत नव्हते.

दांडा थरथरू लागला. आधी थोडा, मग खांद्यांपर्यंत.

त्यांनी दाराकडे पाहिलं.

“शैला!”

दार उघडलं नाही.

“शैला, ये ना गं. एकदाच. शेवटचं.”

हे म्हटलं आणि ते स्वतःच थबकले. हे वाक्यही त्यांनी ऐकलं असावं. किती वेळा शेवटचं म्हणून तिला बोलावलं गेलं असेल, आणि कोणाकोणासमोर, याचा हिशेब त्यांच्या चेहऱ्यावरून सरकताना मी पाहिला. त्यांचे डोळे मोठे झाले. रडण्याने नव्हे. घरात वीस वर्षं जी भिंत म्हणून पाहिली ते दार होतं, असं कळल्यावर व्हावेत तसे.

तोंड पांढरं पडलं होतं. पायाखालच्या फक्कीइतकं.

किती वेळ गेला ते मी लिहून ठेवलेलं नाही.

मग त्यांनी दांड्यावरचा डावा हात सोडला. एका हातावर कुऱ्हाडीचं सगळं वजन आलं, पातं मागे झुकलं. मला वाटलं, आता पडते. डावा हात हवेत चाचपडत वर गेला, आणि त्यांनी स्वतःचं उजवं मनगट धरलं.

घट्ट. नखं रुतेपर्यंत.

“थांब,” ते म्हणाले.

कुणाला, ते कळलं नाही.

“एक वर्ष दे... मी जामीन.”

कुऱ्हाड खाली आली. हळूहळू, स्वतःच्याच हाताने ओढून आणल्यासारखी. पातं जमिनीला टेकलं. ते फक्कीच्या गोलात बसले. विजारीला चुना लागला. मनगट अजून धरलेलंच होतं. सोडायचं विसरले होते.

बुंधा त्यांच्या पाठीशी होता. ते टेकले नाहीत.

महाराज त्यांच्याजवळ गेले. वाकता येत नव्हतं, म्हणून तसेच उभे राहिले.

बऱ्याच वेळाने सबनिसांनी वर पाहिलं.

“असं चालतं का, महाराज?”

“कसं?”

“उगारणारा मीच. धरणाराही मीच... चालतं का? मिळतं का वर्ष?”

आतून भांड्याचा आवाज आला. एकच. मग काही नाही.

महाराजांनी पायातल्या वहाणा काढल्या, त्या बंद दाराला नमस्कार केला, आणि फाटकाकडे चालू लागले. मी त्यांचा हात धरला. फाटकाशी ते थांबले, पण वळले नाहीत.

“ते मला विचारू नका. आत जा. वर्ष माईंनी द्यायचंय.”